हलक्या चिलखती गाड्या सरावासाठी घ्याव्यात की लढाईसाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैन्याच्या खरेदीची चर्चा निघाली की रणगाडे आणि लढाऊ विमानं सगळी जागा व्यापतात. हलक्या चिलखती गाड्या बातमीत येतात त्या बहुतेक वेळा जळालेल्या अवस्थेतल्या फोटोतून, आणि मग एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो: असल्या पातळ पत्र्याच्या गाड्या लढाईला न्यायच्याच कशाला, सरावापुरत्या ठेवाव्यात ना! खालची उत्तरं तटस्थ नाहीत. मला जे पटतं ते लिहिलं आहे आणि का पटतं तेही.

हलकी म्हणजे नेमकी किती हलकी?

सगळ्यांना मान्य अशी व्याख्या नाही. फ्रान्सची व्हीबीएल ही चारचाकी चार टनांच्या आतबाहेर, ब्रिटनची सिमिटार आठ टन, अमेरिकेची एम-११३ बारा टनांच्या आसपास, अमेरिकी मरीन कोअरची आठचाकी एलएव्ही-२५ तेराच्या घरात आणि स्ट्रायकर सतरा ते एकोणीस. पाश्चात्त्य बनावटीचा आजचा मुख्य रणगाडा साठ-सत्तर टनांचा असतो. ढोबळमानाने वीस टनांच्या आतलं ते हलकं असं मी धरतो, कारण सी-१३० सारखं मालवाहू विमान साधारण तेवढंच वजन उचलतं.

सरकारी कागदात मात्र हा शब्द फार ताणला जातो. हलक्या पायदळाच्या दिमतीला म्हणून अमेरिकेने एम-१० बुकर बनवली. ती भरली ३८ टनांच्या आसपास. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. २०२५ मध्ये तो कार्यक्रमच गुंडाळला.

थोडक्यात सांगा, घ्याव्यात की नाही?

घ्याव्यात. लढाईसाठी घ्याव्यात आणि त्याच गाड्यांवर सराव करावा. टेहळणी, ताफ्याची राखण, गोळीबारातून सैनिकांची आणि जखमींची ने-आण, ही कामं लढाईचीच आहेत. शत्रूच्या पक्क्या मोर्च्यावर समोरून चढाई करणं हे मात्र या गाड्यांचं काम नाही.

निव्वळ सरावासाठी स्वस्तातल्या गाड्या घेतल्या तर काय बिघडलं?

युद्ध सुरू झालं की त्या सरावापुरत्या राहत नाहीत, एवढंच बिघडतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मनीचं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे ठेवायला बंदी होती. सैन्य सराव करायचं तो मोटारींवर कापड आणि पुठ्ठ्याचे सांगाडे चढवून. पुढे ‘शेतीचा ट्रॅक्टर’ अशा टोपणनावाखाली एक छोटा रणगाडा बनवायला घेतला, आणि १९३४ पासून त्याचं उत्पादन सुरू झालं. हाच पॅन्झर एक. वजन साडेपाच टनांच्या आत, चिलखत जास्तीत जास्त १३ मिलिमीटर, आत दोन माणसं आणि दोन मशीनगन. तोफ नाहीच. चालक तयार व्हावेत, कारखान्यांचा हात बसावा आणि खरे रणगाडे येईपर्यंत काम भागावं, हा त्यामागचा मुख्य हेतू होता.

दोन वर्षांत स्पेनचं यादवी युद्ध पेटलं आणि या गाड्या तिकडे रवाना झाल्या. समोर आला सोव्हिएत बनावटीचा टी-२६, ४५ मिलिमीटर तोफेचा. पॅन्झर एकच्या मशीनगनला तो लांबून दाद देत नव्हता, आणि त्याचा एक गोळा मात्र पॅन्झर एकचा निकाल लावायला पुरेसा होता. घाईघाईने काही गाड्यांवर २० मिलिमीटरची इटालियन तोफ बसवून पाहिली. जर्मनी ज्याला मदत करत होता त्या सेनापती फ्रँकोच्या बाजूने तर शत्रूकडून हिसकावलेले टी-२६ च वापरायला घेतले. एवढा धडा मिळूनही १९३९ मध्ये पोलंडवर चाल करताना जर्मनीच्या ताफ्यात सुमारे १,४०० पॅन्झर एक होतेच. वेळेवर दुसरं काही तयार नव्हतं.

यात मूर्खपणा कुणाचाच नव्हता. सरावाची गाडी म्हणून ती उत्तम होती. पण ज्या सैन्याकडे हजारभर गाड्या उभ्या आहेत, ते सैन्य युद्धात ‘या सरावाच्या आहेत’ म्हणून त्या कुलूप लावून ठेवत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की चिलखती म्हणून घेतलेली प्रत्येक गाडी एक दिवस गोळीबारात जाणार, असं धरूनच तिचे निकष ठरवावेत.

मग सरावासाठी वेगळी गाडी कधीच नको?

दोन अपवाद मला मान्य आहेत.

पहिला, चालक शिकवण्याची गाडी. जर्मन लेपर्डच्या शाळेतल्या रणगाड्यांवर तोफेच्या जागी काचेची केबिन असते. तिथून शिक्षकाला चारी बाजू दिसतात आणि गरज पडली तर गाडी त्याच्या हातात राहते. अशी गाडी कुणी चुकूनही रणांगणावर नेणार नाही, आणि तोच तिचा गुण.

दुसरा, सरावात शत्रूची भूमिका करणाऱ्या गाड्या. शेरिडनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा, पॅराशूटने खाली सोडता येणारा, १५ टनांच्या आसपासचा हा अमेरिकी रणगाडा १९६९ मध्ये व्हिएतनामला गेला. तिथे सुरुंगाने त्याचा तळ फाटायचा आणि आतल्या जळणाऱ्या आवरणाच्या तोफगोळ्यांना आग लागायची. जड एम-४८ चं तेवढ्याच सुरुंगाने एखादं चाक जायचं. १९८९ च्या डिसेंबरात पनामात तो पॅराशूटने उतरवला, तेव्हा समोर रणगाडे नसल्याने तो कामाला आला. पण त्याची खरी कारकीर्द घडली कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, फोर्ट अर्विनच्या सराव केंद्रावर. त्याच्या अंगावर फायबरग्लासचे साचे चढवले, तो लांबून सोव्हिएत रणगाड्यासारखा दिसू लागला, आणि २००० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तो शत्रू बनून अमेरिकी तुकड्यांना घाम फोडत राहिला. नंतर ती भूमिका एम-११३ च्या सांगाड्यावर बनवलेल्या गाड्यांनी घेतली.

तिथे गोळ्या खोट्या असतात पण हिशेब पक्का असतो. प्रत्येक बंदुकीतून आणि तोफेतून लेसर किरण सुटतो, गाडीवरच्या पट्ट्यांतले संवेदक तो टिपतात, गाडीवरचा दिवा लुकलुकायला लागतो आणि तुम्ही मेलेले असता. अशा कामाला चिलखताची जाडी लागत नाही. लागतो तो वेग, स्वस्त देखभाल आणि सहज मिळणारे सुटे भाग. जुन्या हलक्या गाड्या ठेवायला याहून चांगली जागा नाही.

हे चिलखत नक्की काय अडवतं?

नाटोचं स्टॅनॅग ४५६९ हे मानक इथे उपयोगी पडतं. पहिल्या पातळीवर रायफलच्या साध्या गोळ्या अडतात. दुसरीवर कलाश्निकोव्हच्या चिलखतभेदी गोळ्या, तिसरीवर ७.६२ मिलिमीटरच्या मोठ्या रायफलच्या चिलखतभेदी गोळ्या, चौथीवर १४.५ मिलिमीटर मशीनगनचा २०० मीटरवरून होणारा मारा. तोफगोळ्याच्या ठिकऱ्यांचा हिशेबही त्यात आहे: १५५ मिलिमीटरचा गोळा १०० मीटरवर फुटला तर पहिली पातळी टिकते, ३० मीटरवर फुटला तर चौथी लागते.

ठिकऱ्यांची ही बाब लोक विसरतात. तोफखान्याच्या माऱ्यात उघड्या ट्रकमधले सैनिक जायबंदी होतात आणि पातळ चिलखताआडचे बहुधा वाचतात. या गाड्यांचा अर्धा फायदा इथेच वसूल होतो. पण खांद्यावरून डागायच्या साध्या आरपीजी-७ चा गोळाही अडीचशे मिलिमीटरहून जाड पोलाद भेदतो. त्याच्यापुढे पहिली पातळी काय आणि चौथी काय!

भूसुरुंगाचं काय?

इथे जाडीपेक्षा आकार महत्त्वाचा. तळ सपाट असेल तर स्फोटाचा सगळा जोर वर येतो. तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता आणि जमिनीपासून उंच असेल तर बराच जोर बाजूला निघून जातो. ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेने १९७० च्या दशकात हे तंत्र घासूनपुसून वापरलं, कॅस्पिर ही त्यातली नावाजलेली गाडी. आसनही जमिनीवर ठोकायचं नसतं. ते छताला किंवा बाजूच्या भिंतीला टांगतात, आणि पायाखाली वेगळी पट्टी देतात, म्हणजे तळ उचलला गेला तरी धक्का घोट्यात आणि मणक्यात थेट जात नाही. गाडी पाहायला मिळाली तर तोफ नंतर पाहा, आधी वाकून आसन कशाला जोडलंय ते पाहा.

हे ज्ञान उपलब्ध असतानाही ब्रिटनने उत्तर आयर्लंडमधल्या गस्तीसाठी बनवलेली स्नॅच लँड रोव्हर इराक आणि अफगाणिस्तानात नेली. दगड आणि पिस्तुलाच्या गोळ्यांपुरती बरी असलेली ती गाडी रस्त्याकडेच्या स्फोटकांपुढे टिकली नाही. किमान ३७ ब्रिटिश सैनिक तिच्यात गेले, सैनिक तिला चालतीफिरती शवपेटी म्हणू लागले, आणि २०१३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीयांना सरकारविरुद्ध दावा चालवण्याची मुभा दिली. अमेरिकेनेही सुरुवातीला हमव्ही या आपल्या हलक्या लष्करी मोटारीलाच पत्रे ठोकले. २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी सुरुंगरोधक एमआरएपी गाड्यांना पहिला अग्रक्रम दिला, तेव्हा कुठे वीस हजारांहून अधिक गाड्या धडाधड बनल्या. खर्च चाळीस अब्ज डॉलरच्या वर गेला. जीव वाचले यात शंका नाही. पण अफगाणिस्तानातून निघताना त्यातल्या पुष्कळ गाड्या परत नेणं परवडेना, त्या तिथेच कापून भंगारात काढल्या.

चढाईत वापरल्या तर?

युक्रेनने हे करून पाहिलं. फ्रान्सने २०२३ मध्ये दिलेल्या एएमएक्स-१० आरसी या सहाचाकी गाड्यांवर १०५ मिलिमीटरची तोफ आहे. तोफ पाहून त्यांना कुणी ‘चाकांचे रणगाडे’ म्हणालं आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या चढाईत पुढे गेल्या. जवळ फुटलेल्या तोफगोळ्याच्या ठिकऱ्या आत शिरल्या, दारूगोळा पेटला आणि एका गाडीतले चारही जण गेले. नंतर त्या गाड्या मागे राहून लांबून मारा करायला वापरल्या, तेव्हा त्याच तोफेचं कौतुक झालं.

रशियाचा अनुभव वेगळा नाही. २७ फेब्रुवारी २०२२ ला टीग्र या हलक्या गाड्या पायदळाचा मोठा आधार नसताना खार्कीव्ह शहरात घुसल्या. दिवस मावळायच्या आत त्यांचे सांगाडे रस्त्यावर पडले होते.

असं असेल तर सरळ रणगाडेच का घेऊ नयेत?

रणगाडा पोचला पाहिजे ना! पूल त्याचं वजन पेलत नाहीत, चिखल गिळून टाकतो, विमानात एकच मावतो.

१९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर ब्रिटनने चार स्कॉर्पियन आणि चार सिमिटार नेल्या. दलदलीच्या त्या माळावर जड गाडी कंबरेपर्यंत रुतली असती. या आठ टनी गाड्यांचे चाकांभोवती फिरणारे पट्टे जमिनीवर इतका कमी भार टाकतात की जिथे माणूस चालतो तिथे त्या चालतात. वायरलेस रिजच्या लढाईत त्यांनी पॅराशूट सैनिकांना तोफेचा आधार दिला. एक सिमिटार सुरुंगावर गेली, पण आतली माणसं धडधाकट बाहेर आली.

उंच डोंगराळ भागातही हेच गणित. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि वजन भोवतं. चीनचा टाइप १५ हा ३३ टनांच्या आसपासचा रणगाडा आणि भारताचा २५ टनी जोरावर, दोन्ही १०५ मिलिमीटर तोफेचे, याच गरजेतून आले. माझ्या व्याख्येत ते हलके बसत नाहीत, पण कारण तेच.

आणि चिलखताचा फार अभिमान बाळगू नये हे शिकवायला १९८७ चं चाडचं युद्ध आहे. चाडच्या सैनिकांनी उघड्या टोयोटा पिकअपवर मिलान ही रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं चढवून लिबियाच्या रणगाड्यांचा फडशा पाडला. लांब पल्ल्याचं हत्यार, मोकळा वाळवंटी प्रदेश आणि गाफील शत्रू, हे तिन्ही जुळून आलं म्हणून.

चाकं बरी की पट्टे?

रस्ते असतील तर चाकं, चिखल-बर्फ असेल तर पट्टे. चाकांना डिझेल आणि देखभाल कमी लागते, आणि सरावाला दूरवर स्वतःच्या चाकांवर जाता येतं. हा वाद याहून लांबवण्यात अर्थ नाही.

पाण्यात पोहणारी गाडी घ्यावी का?

नदी-खाड्यांचा प्रदेश असेल तर जरूर. पण पोहणं ही सोय कागदावर असून चालत नाही. ३० जुलै २०२० ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सरावादरम्यान अमेरिकी मरीन कोअरची एक उभयचर गाडी बुडाली आणि नऊ जण गेले. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: गाड्यांची अवस्था वाईट होती, आणि पाण्याखालून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण बहुतेकांना पुरतं मिळालेलं नव्हतं. पोहणारी गाडी घेणाऱ्याने तिच्यासोबत तलाव, पाणबुडे आणि प्रशिक्षक यांचाही खर्च धरावा. नाहीतर तिला पाण्यात घालू नये.

सरावात खरंच इतके अपघात होतात?

होतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये लष्कर आणि मरीन कोअरच्या गाड्यांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. २०१० ते २०१९ या काळात लढाईबाहेरचे ३,७५३ अपघात आणि १२३ मृत्यू. मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक गाडी उलटल्यामुळे झाले. चालकाचं दुर्लक्ष, वरिष्ठांची ढिली देखरेख आणि अपुरं प्रशिक्षण ही कारणं त्यात आहेत.

गाडी उलटते कारण चिलखत वर चढतं आणि गुरुत्वमध्यही वर सरकतो. अरुंद रस्त्याची कडा ढासळली की संपलं. यासाठी हमव्हीची केबिन आडव्या आसावर बसवून बनवलेलं एक यंत्र आहे. सैनिकांना पूर्ण सामानासह आत बसवतात आणि केबिन उलटी फिरवतात. सगळ्यांनी ‘उलटतेय’ म्हणून ओरडायचं, वर उभ्या असलेल्या गनरला पाय धरून आत ओढायचं. उलटं लटकलेल्या माणसाने आधी एक हात छताला रेटायचा, मगच आसनाचा पट्टा सोडायचा. घाईत पट्टा आधी सोडला की माणूस अंगावरच्या सगळ्या वजनासह मानेवर पडतो. पुढे दार. गाडी कुशीवर पडली असेल तर चिलखती दार वर उचलून उघडावं लागतं, एकट्याला ते रेटत नाही. हे सगळं अंधारात, धुरात, शेजारचा बेशुद्ध असताना करायचं असतं.

इतक्या स्वस्त यंत्राला निधी नाही म्हणणारं आणि त्याच वर्षी नव्या गाड्यांची ऑर्डर देणारं सैन्य मला कधी कळलेलं नाही. प्रशिक्षणाच्या डिझेलवर कात्री चालवून वाचणारे पैसे म्हणजे दात कोरून पोट भरणं.

सिम्युलेटरवर भागत नाही का?

नेमबाजी, संदेशवहन, तुकडीचा समन्वय यांसाठी छान भागतं. गाडीचा पट्टा तुटल्यावर तो पावसात जोडणं सिम्युलेटर शिकवत नाही.

ड्रोन आल्यावर या गाड्या कालबाह्य झाल्या ना?

काहीशे डॉलरचा ड्रोन लाखो डॉलरची गाडी जाळतो, हे युक्रेनमध्ये रोज दिसतं. पण तो रणगाडाही जाळतो आणि चालणाऱ्या माणसालाही मारतो. ड्रोनच्या नजरेखाली चालत किंवा मोटारसायकलवर जाण्याला चिलखती गाडी हा पर्याय अजून तरी बरा आहे. ऑस्ट्रेलियाची बुशमास्टर तिथे सैनिकांना आवडली ती अशाच ने-आणीसाठी.

बदललंय ते असं: गाडीवर जाळी आणि सिग्नल जॅमर लागतो, सैनिक आघाडीपासून बरेच अलीकडे उतरवावे लागतात आणि गाडी क्षणभरही उघड्यावर उभी ठेवता येत नाही. म्हणजे पुन्हा सरावच. जाळी लावलेल्या गाडीतून पटकन उतरता येतं का, हे तालमीतच कळतं.

फुकट किंवा जुन्या मिळत असतील तर?

आधी दहा वर्षांचे सुटे भाग विचारा. पाच देशांच्या पाच प्रकारच्या गाड्या म्हणजे पाच तऱ्हेची इंजिनं, पाच पुस्तिका आणि पाच प्रकारचे मेकॅनिक. जीव वाचवण्याची घाई असलेला देश हे सोसतो, त्याला इलाज नसतो. शांततेच्या काळात असं दान आलं तर भीक नको पण कुत्रं आवर म्हणावंसं वाटतं.

खरेदीच्या कागदावर सही करण्याआधी काय पाहावं?

वजन वाढणार हे गृहीत धरावं. इराकमध्ये आरपीजीपासून वाचायला स्ट्रायकरला पिंजरा लावला तेव्हा तिचं वजन सव्वादोन टनांनी वाढलं आणि रुंदीमुळे गल्लीत वळणं अवघड झालं. पुढे अफगाणिस्तानात सपाट तळ नडला म्हणून २०११ पासून दुहेरी व्ही आकाराचा तळ आला. इंजिन आणि सस्पेन्शनमध्ये आधीपासून मोकळीक नसेल तर असे बदल गाडीला झेपत नाहीत.

मग आतली माणसं. आठ टनी सिमिटारची जागा घ्यायला ब्रिटनने ५८९ एजॅक्स मागवल्या, प्रत्येकी ३८ टनांच्या आसपास. आवाज आणि कंपनांमुळे चाचण्या थांबवाव्या लागल्या आणि शेकडो सैनिकांच्या कानांची तपासणी करावी लागली. तोफ, चिलखत, संगणक, सगळं आधुनिक. आत बसणाऱ्याची चाचणी फार उशिरा झाली.

म्हणून करारात एक अट मी आवर्जून घालेन. गाडीत मावतील तितके सैनिक पूर्ण सामान, पाणी आणि दारूगोळ्यासह बसवा. दार लावा, खडबडीत रस्त्यावर चार तास फिरवा, खाली उतरवा आणि लगेच नेमबाजी करायला लावा. त्यांचे गुण निविदेतल्या किमतीच्या शेजारच्या रकान्यात लिहा, आणि मगच तुलना करायला बसा.